रद्दीतून उरलेला वेताळ

इंद्रजाल कॉमिक्सचा पहिला अंक मार्च १९६४ मध्ये मुंबईत निघाला, तेव्हा रत्नागिरीला रेल्वे पोचायला अजून तीन दशके बाकी होती. मुंबईतला छापील माल कोकणात यायचा तो घाटातली वळणे घेणाऱ्या एस.टी.तून, नाहीतर पावसाळा सोडून चालणाऱ्या मुंबई–गोवा बोटींतून. मे महिन्यात आणि गणपतीला चाकरमानी आले की त्यांच्या पिशव्यांतूनही यायचा. खाऊच्या डब्याशेजारी, नव्या कापडाच्या घडीत जपून ठेवलेला एखादा रंगीत अंक. रत्नदुर्गाच्या कुशीतल्या मिरकरवाड्यासारख्या मच्छीमार वस्तीत असा अंक एकदा शिरला की तो कुणा एकाचा राहत नसे. हातोहात फिरून तो मऊ पडायचा, मग मुखपृष्ठ सुटायचे, आणि शेवटी उरलेली पाने कुठल्यातरी पुडीच्या कामी यायची.

आज तेच अंक शोधत माणसे रद्दीवाल्यांच्या पायऱ्या झिजवतात. साठच्या दशकात रुपयाच्या आत मिळणाऱ्या अंकाला छापील किमतीच्या शेकडो पट मोल देतात. या मंडळींच्या बोलण्यात ‘ओरिजिनल इंद्रजाल’ हे शब्द वारंवार येतात. गंमत अशी की इंद्रजालमध्ये सुरुवातीला मुखपृष्ठ सोडले तर ओरिजिनल असे फारसे काही नव्हतेच. ती पहिल्यापासून पुनर्मुद्रणाची माला होती.

मूळ माल अमेरिकेचा. ली फॉक नावाच्या तरुणाने १९३४ च्या जून महिन्यात ‘मँड्रेक’ हा जादूगार वर्तमानपत्रात आणला आणि १७ फेब्रुवारी १९३६ रोजी ‘फँटम’. तेव्हा फॉक पंचविशीचाही नव्हता. किंग फीचर्स सिंडिकेट ही संस्था या चित्रपट्ट्या जगभरच्या वर्तमानपत्रांना विकायची: रोज तीन-चार चौकटी काळ्या-पांढऱ्या, आणि १९३९ पासून फँटमचे रविवारचे रंगीत पान वेगळे. सुपरमॅन १९३८ मध्ये आला. म्हणजे अंगाला चिकटून बसणारा पोशाख आणि ज्यातून बुबुळे दिसत नाहीत असा मुखवटा, ही सुपरहिरोची खूण फँटमने त्याच्या दोन वर्षे आधीच ठरवून टाकली होती. अंगात दैवी शक्ती मात्र त्याच्या नाही. बापामागून मुलगा तोच मुखवटा चढवतो आणि लोकांना वाटते की हा चारशे वर्षे मेलेलाच नाही. एवढ्या एका क्लृप्तीवर फॉकने १९९९ मध्ये मरेपर्यंत गोष्टी रचल्या.

भारतात हा मुखवटेवाला १९४० च्या दशकातच ‘इलस्ट्रेटेड वीकली’मधून येऊन पोचला होता. वीकलीही टाइम्सच्या घरातली, म्हणजे बेनेट कोलमन कंपनीची. इंद्रजाल काढले तेही याच कंपनीने. पहिल्या अंकात फँटमच्या पट्ट्याची गोष्ट होती. पहिल्या बत्तीस अंकांत एकटा फँटमच होता. मग मँड्रेक आणि त्याचा बलदंड साथी लोथार आले, फ्लॅश गॉर्डन आला, रिप कर्बी आणि बझ सॉयर आले. मराठी आवृत्तीत फँटमचा ‘महाबली वेताळ’ झाला. बंगालीत तो ‘अरण्यदेव’ होता.

पट्टीचे पुस्तक करणे म्हणजे नुसते चिकटवाचिकटवीचे काम नव्हे. वर्तमानपत्रातली पट्टी आडवी, कॉमिकचे पान उभे. त्यामुळे चौकटी कापल्या, ताणल्या, पुढे-मागे केल्या. रोजच्या पट्टीत पहिली चौकट कालची आठवण करून देण्यात खर्ची पडते. ती पुस्तकात नको असते, म्हणून गाळली. पण पाने ठरलेली असल्यामुळे गाळता गाळता गोष्टीचे मांसही कापले गेले. महिनोन्‌महिने चाललेली साहसे एका अंकात कोंबली. काळ्या-पांढऱ्या चित्रांना रंग मुंबईत चढले. पहिल्या दहा अंकांत वेताळाचा पोशाख निळा होता, अकराव्यापासून जांभळा झाला. यात मुंबईवाल्यांना हसण्याचे कारण नाही. फॉकच्या मनात राखाडी होता, अमेरिकेतल्या छापखान्याने जांभळा केला, इटलीत तो लाल छापला गेला आणि स्वीडनमध्ये निळा. पहिल्या दहा अंकांतला निळा वेताळ मात्र आता संग्राहकांचा जीव की प्राण आहे.

नावांवरही कात्री चालली. फॉकच्या सुरुवातीच्या गोष्टींत वेताळाचे जंगल कुठे आहे याचा पत्ता धड लागत नाही. नाव बंगालच्या जवळ जाणारे, माणसे निम्मी आफ्रिकेतली आणि निम्मी आशियातली, आणि समुद्री चाच्यांच्या टोळीचे नाव चक्क ‘सिंग’. वेताळाच्या बापाला मारणाऱ्याचे नाव ‘रामा’. स्वतंत्र भारतात हे असे छापणे शक्य नव्हते. इंद्रजालने जंगलाचे ‘डेंकाली’ केले, सिंगचे ‘सिंगा’ आणि रामाचे ‘रामालू’. ही सफाई इतकी बेमालूम होती की इथल्या दोन पिढ्या डेंकाली हाच मूळ पत्ता समजून मोठ्या झाल्या.

या चाच्यांचे कोकणाशी एक विचित्र नाते आहे. फॉकच्या गोष्टीत वेताळाची परंपरा १५३६ मध्ये सुरू होते. चाचे जहाज लुटतात, बापाला मारतात, वाचलेला मुलगा किनाऱ्याला लागतो आणि खुन्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतो. खऱ्या इतिहासात त्या सालाच्या आसपास या समुद्रावर पोर्तुगीज होते. गोवे त्यांनी १५१० मध्ये घेतले होते, वसई १५३४ मध्ये मिळवली होती, आणि त्यांचा परवाना न घेता फिरणारे देशी तारू ते सरळ लुटत. पुढे दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी कान्होजी आंग्रे यांनी आपले दस्तक घेतल्याशिवाय परक्या जहाजांना या पाण्यात फिरू द्यायचे नाही असे ठरवले, तेव्हा इंग्रजांच्या कागदांत त्यांची नोंद ‘पायरेट’ अशी झाली. मराठ्यांच्या दरबारी ते सरखेल. रत्नदुर्गही आंग्र्यांच्या ताब्यात होता, आणि त्याच किल्ल्याखाली मिरकरवाड्याचे बंदर आहे. जिथल्या पाण्यावर इंग्रजांनी चाचेगिरीचा शिक्का मारला, तिथल्याच पोरांनी गोऱ्या माणसाने चाच्यांचा बंदोबस्त केल्याची गोष्ट चवीने वाचावी, यावर जाडजूड प्रबंध लिहिता येईल. पोरांना त्याचे काही पडलेले नव्हते. त्यांना घोडा आणि लांडगा हवा होता, आणि जबड्यावर कवटीचा ठसा उमटवणारी अंगठी हवी होती.

शिवाय रात्री गस्त घालणारा राखणदार कोकणाला नवा नव्हता. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. म्हणून भक्त त्याला चामड्याच्या मोठाल्या वहाणा वाहतात. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये वेगळा झाला. इंद्रजालच्या भरभराटीच्या काळात आरवली रत्नागिरी जिल्ह्यातच होती.

मुखवट्याआडून न्याय करणारा नायकही मराठी वाचकाला ठाऊक होता. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांचे काळापहाड, झुंजार हे वीर वाचनालयांतून अक्षरशः फाटेपर्यंत वाचले गेले. पण त्या शब्दांच्या गोष्टी होत्या. इंद्रजालने पहिल्यांदाच असा नायक चित्रांतून, चार रंगांत, महिन्याच्या महिन्याला हातात दिला. मासिकाचे पुढे पाक्षिक झाले आणि १९८० च्या दशकात साप्ताहिक. याच मालेत डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरतींचा ‘बहादूर’ आला. डाकूचा मुलगा, अंगात भगवा कुर्ता आणि खाली जीन्स, गावोगावच्या लोकांना डाकूंविरुद्ध उभे करणारा. त्याची चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची. इंद्रजालच्या सुरुवातीच्या मुखपृष्ठांवर ‘बी. गोविंद’ म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते हेच. पुनर्मुद्रणाच्या मालेत अस्सल देशी सोने निघाले ते इथे, मुखपृष्ठांत आणि बहादूरमध्ये.

इंद्रजालच्या उभारणीत अनंत पै होते. १९६७ मध्ये त्यांनी टाइम्सच्या बाहेर पडून इंडिया बुक हाऊसच्या जी. एल. मीरचंदानी यांच्याबरोबर अमर चित्र कथा सुरू केली. या दोन मालांचे नशीब शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. अमर चित्र कथेत राम, कृष्ण, शिवाजी. त्यामुळे आईबाप ती स्वतः विकत आणत, बक्षीस म्हणून देत, कपाटात ठेवत. प्रकाशकही जुनी पुस्तके पुन्हा पुन्हा छापत राहिला, पुनर्मुद्रणात क्रमांकसुद्धा नव्याने दिले. इंद्रजाल मात्र नियतकालिक. महिना उलटला की शिळे. मास्तरांच्या मते वेळेचा अपव्यय, घरातल्यांच्या मते अभ्यासाच्या पुस्तकात लपवलेले पाप. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ चे, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्यांपैकी. पण महाराष्ट्रात कुठल्याही सार्वजनिक वाचनालयाच्या दाखलखात्यात कॉमिक्सला क्वचितच जागा मिळत असे. ज्याला कुणी जपले नाही तेच पुढे दुर्मीळ होते. अमर चित्र कथेचे ‘कृष्ण’ आजही दुकानात नवे कोरे मिळते. इंद्रजालच्या त्याच काळातल्या मराठी अंकासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते.

पोरांनी मात्र आपली वाचनालये उभी केली होती. मे महिन्याच्या सुट्टीत ओट्यावर दोरी बांधायची, तिच्यावर अंक उलटे टांगायचे आणि काही पैसे घेऊन बसून वाचायला द्यायचे. हा धंदा महाराष्ट्रातल्या गावोगावच्या आळ्यांमध्ये चालायचा. ज्यांच्याकडे पैसे नसत ते अदलाबदल करत: दोन मँड्रेक द्या, एक वेताळ घ्या. भाव पोरांच्या बाजारात ठरे आणि तो फसवा नसे. वेताळ कायम महाग, गुप्तहेर रिप कर्बी पडून. आजही संग्राहकांच्या बाजारात हाच क्रम टिकून आहे, फक्त शून्ये वाढली आहेत.

वाचून झालेले दहा-बारा अंक एकत्र रचून दाभणाने शिवायचे आणि वर जाड पुठ्ठा लावायचा, हा अनेक घरांतला उद्योग. त्यामुळेच जे अंक वाचले त्यातले बरेच अशा गठ्ठ्यांत वाचले. संग्राहक त्यांच्याकडे नाक मुरडतात. कडा कापलेल्या असतात, शिवणीत चित्र गेलेले असते, मुखपृष्ठे ‘अडथळा’ म्हणून काढून टाकलेली असतात. त्यांना सुटा अंक हवा, मूळ पिनांसह, आणि सुरुवातीच्या अंकांच्या मागच्या पानावर असायचे ते मोठे चित्र शाबूत हवे. तरीही त्या घरगुती शिवणीचे उपकार मान्य करावे लागतात. दाभण नसते तर तेही रद्दीत गेले असते.

किनाऱ्यावर तर कागद टिकणे आणखी अवघड. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर हवा ओलीच असते. इंद्रजालचा कागद स्वस्त. लाकडाच्या लगद्याच्या असल्या कागदातले आम्ल त्याला आतूनच पिवळा आणि ठिसूळ करते. खाऱ्या हवेत पिना गंजतात, गंज पानात उतरतो आणि नेमके मधले पान सुटते. उरलेले काम कसर आणि वाळवी करतात. जांभ्या दगडाच्या घरात पोटमाळ्यावर ट्रंक, ट्रंकेत डांबरगोळ्या आणि कडुनिंबाचा पाला, एवढ्या बंदोबस्तातही पाने एकमेकांना चिकटायची. मिरकरवाड्यासारख्या बंदरात कागदाला दुसरेही काम असते. जिथे रोज मासळीचा लिलाव होतो तिथे जुन्या छापील कागदाचे आयुष्य किती, हे सांगायला नको. म्हणून इंद्रजालचे चांगले संच कोकणपट्टीपेक्षा देशावरच्या कोरड्या हवेत निघण्याचा संभव जास्त.

शोधाचे खरे रस्ते शहरांतले. मुंबईत फ्लोरा फाउंटनचे पदपथ आणि माटुंग्याचे किंग्ज सर्कल, पुण्यात अप्पा बळवंत चौक आणि जुना बाजार. नवखा माणूस यादी घेऊन निघतो आणि बहुधा एकाच खड्ड्यात पडतो. क्रमांक १२३ आणि १२४ त्याला कुठेच सापडत नाहीत. सापडणार नाहीतच, कारण कंपनीतल्या संपामुळे ते अंक निघालेच नव्हते. शेवटचा क्रमांक ८०५, म्हणून प्रत्यक्ष अंक ८०३. जवळपास निम्मे अंक साप्ताहिक झाल्यानंतरच्या आठ-नऊ वर्षांतले, त्यामुळे ऐंशीच्या दशकातले हाती लागतात आणि साठच्या दशकातले स्वप्नात दिसतात. त्यातही मराठी अंक सगळ्यांत हट्टी. इंग्रजी आणि हिंदी अंक देशभर खपले, मराठीचा मुलूख एकच.

एप्रिल १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडले. १९८७ पासून रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘रामायण’ आणि त्यामागून ‘महाभारत’ सुरू झाले होते. त्या सकाळी ओट्यावर दोरी बांधून बसणाऱ्या पोराकडे गिऱ्हाईक कुठून येणार? सगळा दोष टीव्हीला देणे सोपे आहे. पण साप्ताहिक झाल्यावर गोष्टींची निवड पातळ होत गेली होती, हेही जुने अंक ओळीने वाचले की दिसते.

त्याच सुमारास अमेरिकेत उलटा प्रकार चालला होता. मार्व्हलने १९८७ मध्ये ‘मार्व्हल मास्टरवर्क्स’ ही पक्क्या बांधणीची माला काढली, डीसीने १९८९ मध्ये ‘आर्काइव्ह एडिशन्स’. जुने अंक क्रमाने, पूर्ण, चांगल्या कागदावर. यामागे सरळ हिशेब होता. सुपरमॅनचे पदार्पण झाले तो १९३८ चा अंक तेव्हा १० सेंटला मिळत होता. २०२४ मध्ये त्याची एक प्रत ६० लाख डॉलरला गेली. एवढे पैसे नसलेल्या वाचकाला तीच गोष्ट वाचायला मिळावी, ही सोय. मग पुनर्मुद्रणेच लोक क्रमाने जमवू लागले, कपाटात त्यांच्या कण्या जुळवून लावू लागले, आणि पहिल्या छपाईची पुनर्मुद्रणेही महाग झाली. ऑस्ट्रेलियात फ्र्यू ही कंपनी १९४८ पासून फँटम छापतेच आहे. अमेरिकेत हर्मिस प्रेसने रोजच्या मूळ पट्ट्या एकही चौकट न गाळता ग्रंथरूपाने काढायला घेतल्या. जवळचे उदाहरण तमिळचे. मुत्तू आणि लायन कॉमिक्सने सत्तर-ऐंशीच्या दशकांत युरोपातल्या गोष्टी तमिळमध्ये आणल्या आणि आजही जुने गाजलेले अंक नव्या, देखण्या आवृत्तीत काढल्यावर घ्यायला वाचक उभा असतो.

भारतात इंद्रजालनंतर फँटम पोरका झाला नाही. डायमंड कॉमिक्सने त्याला जाड डायजेस्टमध्ये घातले, नंतर युरो बुक्सने काढून पाहिले, अलीकडे केरळच्या रीगल पब्लिशर्सने इंद्रजालच्याच धाटणीचे अंक आणले. जुन्या वाचकांनी ते उत्साहाने घेतले. तरी काहींची कुरकुर राहिलीच. मूळ पट्टी पूर्ण वाचायला मिळते, चित्र स्पष्ट असते, कागद पांढराशुभ्र असतो आणि नेमके तेच त्यांना खटकते. लहानपणी वाचलेल्या अंकात ती चौकट कापलेली होती, रंग रेषेबाहेर सांडलेला होता आणि वेताळ मराठीत बोलत होता. फॉकची अखंड गोष्ट त्यांच्या लेखी उसनी, आणि मुंबईत कातरलेली अस्सल. हा हट्ट बालिश म्हणून झटकून टाकता येत नाही. कापाकापी, रंग, मुखपृष्ठ आणि भाषांतर मिळून एक वेगळेच पुस्तक तयार झाले होते, आणि त्या पुस्तकाचा दुसरा मूळ स्रोत जगात कुठेही नाही.

हे पुस्तक जसेच्या तसे पुन्हा छापायचे म्हटले तर गाठी अनेक. गोष्टी आणि चित्रे किंग फीचर्सची. मुखपृष्ठे आणि मराठी मजकूर टाइम्सच्या घरात तयार झालेला. जुन्या फिल्म हाताशी नसतील तर छापील प्रतीवरूनच नवी प्रत करावी लागणार. म्हणजे ज्या संग्राहकांकडे स्वच्छ अंक आहेत त्यांच्याकडेच जावे लागणार, आणि अनेकांनी आपापल्या अंकांचे स्कॅन आधीच करून ठेवले आहेत. बालभारतीच्या ‘किशोर’चे तसे नाही. १९७१ पासूनचे हे मासिक सरकारी, हक्क एका जागी, त्यामुळे त्याचे जुने अंक संगणकावर सर्वांना फुकट वाचायला ठेवता आले. पन्नास वर्षांपूर्वीचा ‘किशोर’ मिरकरवाड्याच्या जेटीवर उभे राहून मोबाइलवर उघडता येतो. त्याच वर्षीच्या मराठी वेताळासाठी अजून रद्दीवाल्याशीच घासाघीस करावी लागते. आता तोही अंक किलोवर देत नाही, आधी आतले साल बघतो.